पानाला धनी हवा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या सरांनी उभे आयुष्य प्रोग्रॅमिंग शिकवण्यात घालवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावे, असे काही मित्रांनी सुचवले होते. तो विषय ओघात येईलच. पण मला आज बोलायचे आहे ते डॉक्युमेंटेशनबद्दल, आणि त्यातही ते अद्ययावत ठेवण्याच्या कामाबद्दल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतके गरजेचे आणि इतके उपेक्षित काम मला दुसरे माहीत नाही. ते कोण करते, कसे करते, त्याचे पैसे कोण देते आणि ते थांबले की काय होते, हे एका ठोस उदाहरणावरून सांगण्याचा माझा विचार आहे.

समोर आयटीतली बरीच मंडळी दिसतात, तसे त्या व्यवसायाशी संबंध नसलेलेही आहेत. त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळे काही स्वतः लिहीत नाही. यादी क्रमाने लावणे, तारखेवरून वार काढणे, पडद्यावर चौकट उघडणे अशा हजारो सोयी त्या भाषेने, ब्राउझरने किंवा दुसऱ्या कोणी लिहिलेल्या लायब्ररीने तयार ठेवलेल्या असतात. त्यांना काय द्यायचे, त्या काय परत देतात आणि कुठे दगा देतात, हे सांगणारी पाने म्हणजे डॉक्युमेंटेशन. आमच्या बोलण्यात नुसते डॉक्स. प्रोग्रॅमरचा बराच वेळ ही पाने वाचण्यात जातो, आणि त्यांच्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून पाहायला त्याच्याकडे सवड नसते.

माझे उदाहरण आहे एमडीएन वेब डॉक्स. वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तीन गोष्टींवर सारे वेब उभे आहे, आणि या तिन्हींसाठी सर्वांत विश्वासाचा संदर्भ म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे एमडीएन. इंग्रजीत त्याची दहा हजारांहून अधिक पाने आहेत. हिंजवडीत बसलेला नवा मुलगा अडला तर तिथे जातो, आणि ब्राउझर बनवणारे इंजिनिअरही तिथेच जातात.

त्यातले एकच पान जवळून पाहू. जावास्क्रिप्टमध्ये यादी क्रमाने लावायची सोय आहे, तिचे नाव सॉर्ट. तिच्या पानावर एक साधे उदाहरण दिलेले आहे. १, ३०, ४, २१ आणि १००००० हे पाच आकडे सॉर्टला दिले तर काय मिळेल? शाळेतले मूल सांगेल : १, ४, २१, ३०, १०००००. जावास्क्रिप्ट देते : १, १०००००, २१, ३०, ४. वेगळे काही बजावले नसेल तर सॉर्ट आकड्यांची तुलना आकडे म्हणून करत नाही. आधी त्यांना अक्षरांच्या ओळीत बदलते आणि मग शब्दकोशाच्या क्रमाने लावते. म्हणून ‘१’ने सुरू होणारे एक लाख ‘२’ने सुरू होणाऱ्या एकवीसच्या आधी येतात. ही खोड १९९५ साली भाषा जन्मली तेव्हाच्या पिढीतली आहे. आता ती काढताही येत नाही, कारण जगभरातल्या असंख्य जुन्या साइट्स याच वागण्यावर विसंबून आहेत. भाषा दुरुस्त होत नाही तिथे पानावर इशारा लिहिण्यावाचून इलाज नसतो. ज्याने तो वाचला नाही, त्याच्या दुकानाच्या साइटवर शंभर रुपयांची वस्तू वीस रुपयांच्या वस्तूच्या आधी दिसते आणि का ते त्याला दिवसभर कळत नाही.

पण या पानाची खरी गंमत पुढे आहे. समान किमतीच्या दोन वस्तू असतील तर सॉर्टनंतर त्यांचा आपसातला क्रम टिकेल का? अनेक वर्षे याचे उत्तर ‘ब्राउझरवर अवलंबून’ असे होते. क्रोमच्या आत चालणारे इंजिन दहापेक्षा मोठ्या याद्यांसाठी जी पद्धत वापरायचे तिच्यात हा क्रम टिकण्याची हमी नव्हती. २०१८ मध्ये ते बदलले, आणि २०१९च्या जावास्क्रिप्टच्या मानकाने क्रम टिकलाच पाहिजे असा नियम केला. त्या दिवशी सॉर्टच्या पानावरचे एक वाक्य खोटे झाले. कोणीतरी ते बदलले. पुढे २०२३ मध्ये टूसॉर्टेड नावाची नवी सोय आली, जी मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी देते. मग सॉर्टच्या पानावर पुन्हा हात फिरवावा लागला : मूळ यादी बदलू नये असे वाटत असेल तर तिकडे जा. सॉर्ट ही सोय होती तिथेच राहिली. तिच्याभोवतीचे जग बदलले म्हणून पान बदलावे लागले. असे एक पान, आणि अशी दहा हजारांहून अधिक. नव्या नव्या सोयींची भर तर चालूच आहे.

जुने झालेले पान कोरे असते तर फारसे बिघडले नसते. कोऱ्या पानावर कोणी विसंबत नाही. जुने पान मागच्या वर्षीच्या पंचांगासारखे असते : कागद तोच, छपाई तीच, भाषा तितकीच ठाम, आणि तिथी चुकलेल्या. बघणाऱ्याला शंका येण्याचे काही कारणच नसते.

हे ज्यांना फार आधी कळले त्यांच्याकडे थोडे वळतो. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले. आजचे अँड्रॉइड फोन, आयफोन, बँकांचे सर्व्हर, सगळ्यांच्या मुळाशी त्या घराण्याचे रक्त आहे. डग मॅकिलरॉय हे त्यांचे विभागप्रमुख. त्यांनी आग्रह धरला की प्रणालीचे मॅन्युअल लिहिलेच पाहिजे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख घातलेली युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती आजही वाचायला मिळते. प्रत्येक आज्ञेला एक पान, प्रत्येक पानाचा साचा सारखा : नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा. आणि शेवटाकडे दोन मथळे, जे मला आजही थक्क करतात. एक ‘बग्ज’, म्हणजे या आज्ञेत आम्हाला माहीत असलेले दोष. स्वतःच्या मालाचे दोष स्वतःच्याच माहितीपत्रकात छापायची पद्धत आणखी कोणत्या धंद्यात आहे? दुसरा मथळा ‘ओनर’, म्हणजे धनी. त्याखाली ‘केन’ किंवा ‘डीएमआर’ अशी लेखकाची खूण. काही चुकले, काही कळले नाही, तर कोणाचे दार ठोठवायचे ते पानावरच लिहिलेले. मॅन्युअल लिहिताना एखाद्या आज्ञेचा दोष वर्णन करण्यापेक्षा आज्ञाच दुरुस्त करणे सोपे वाटावे, असेही अनेकदा होते. ज्याने डॉक्स लिहिले आहेत त्याला हा अनुभव असतोच.

तो ‘ओनर’ मथळा पुढच्या काळात गळून पडला. माझ्या मते आजच्या डॉक्युमेंटेशनचे दुखणे तिथेच आहे. पाने ढिगाने आहेत आणि बहुतेकांना धनी नाही. प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबने २०१७ साली मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची पाहणी केली. ९३ टक्के लोकांनी सांगितले की अपुरे किंवा जुनाट डॉक्युमेंटेशन ही सगळीकडे आढळणारी अडचण आहे. आणि त्याच पाहणीत ६० टक्के योगदानकर्त्यांनी सांगितले की ते स्वतः डॉक्युमेंटेशनला क्वचित हात लावतात किंवा कधीच लावत नाहीत. अडचण सगळ्यांची, काम कोणाचेच नाही.

एमडीएनचा इतिहास याच धन्याच्या शोधाचा इतिहास आहे. जुन्या काळी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीचे डेव्हएज नावाचे चांगले डॉक्युमेंटेशन होते. नेटस्केप एओएलने विकत घेतली आणि २००४ साली डेव्हएज बंद केले. रातोरात ती सारी पाने दिसेनाशी झाली. मोझिला फाउंडेशनने एओएलकडून तो मजकूर वापरायची परवानगी मिळवली आणि २००५ मध्ये विकीच्या रूपात तो पुन्हा उभा केला. कोणीही यावे, लिहावे, सुधारावे. पुढची पंधरा वर्षे मोझिलाचे पगारी लेखक आणि जगभरचे स्वयंसेवक मिळून ते वाढवत राहिले. २०१० पासून नव्या उदाहरणांतला कोड सार्वजनिक मालकीचा केला, म्हणजे कोणीही न विचारता उचलावा. बाकी मजकूर नाव देऊन आणि त्याच अटींवर वापरायला खुला. २०१७ मध्ये फार मोठी गोष्ट घडली : मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग आणि वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी यांनी मान्य केले की वेबच्या डॉक्सची एकच सामाईक जागा असावी आणि ती एमडीएन. मायक्रोसॉफ्टने स्वतःची सात हजारांहून अधिक पाने मिटवून वाचकांना एमडीएनकडे वळवले. ज्या कंपन्या ब्राउझरच्या बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या, त्यांनी पानांच्या बाबतीत एक चूल मांडली. याचे मला अजूनही कौतुक वाटते.

आणि मग ऑगस्ट २०२० आला. मोझिलाने सुमारे २५० माणसे कमी केली, आणि त्यांत एमडीएनचे लेखक होते. साइट चालू राहिली, पाने दिसत राहिली, म्हणून बाहेरच्या वाचकाला काही जाणवले नाही. डॉक्युमेंटेशनचे लेखक काढले तर दुसऱ्या दिवशी काहीच मोडत नाही. हीच त्या निर्णयाची सोय आणि हाच त्याचा धोका. माझ्या माहितीतल्या एका कंपनीतही खर्चकपातीत पहिला नंबर डॉक्सच्या गटाचा लागला. दोन तिमाह्या सगळे ठीक वाटले. त्यानंतर सपोर्टकडे येणाऱ्या तक्रारी वाढत गेल्या, आणि त्यांचा संबंध त्या कपातीशी कोणी जोडला नाही, कारण हिशेबाच्या वहीत ती दोन वेगळी खाती होती.

एमडीएनच्या बाबतीत मात्र लोक गप्प बसले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये सारा मजकूर विकीतून काढून गिटहबवर आणला गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स नावाची संस्था उभी राहिली. तिच्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांनी पैसे घातले, सामान्य प्रोग्रॅमरनीही आपापल्या परीने घातले, आणि त्या पैशांतून पूर्णवेळ लेखकांना पगार मिळू लागला. ते लेखक कोणत्या एका कंपनीचे नव्हते. त्यांना पगार मिळत होता तो पानांसाठी. या मॉडेलची नक्कल आपल्याकडे अजून झालेली नाही, आणि ती व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

गिटहबवर आल्याने काय बदलले, ते आयटीबाहेरच्या श्रोत्यांनाही कळावे. आता प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल आहे. वरच्या काही ओळींत पानाचे नाव, पत्ता, प्रकार, आणि ही सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते ती माहिती कुठून घ्यायची याची खूण. खाली मजकूर. तुम्हाला चूक सापडली तर तुम्ही फाइलची आपली प्रत करता, चूक सुधारता आणि ‘हा बदल घ्या’ अशी विनंती पाठवता. तिला आम्ही पुल रिक्वेस्ट म्हणतो. आपोआप चालणाऱ्या तपासण्या तुटलेले दुवे आणि मांडणीतल्या चुका दाखवतात. मग एक माणूस वाचतो. तो विचारतो : हे मानकात कुठे म्हटले आहे? सफारीत करून पाहिले का? हे वाक्य नवख्याला कळेल का? कधी कधी एका वाक्यासाठी चार फेऱ्या होतात. मग बदल पानावर येतो, आणि कोणी, केव्हा, का बदलले याची नोंद कायमची राहते. विकीच्या काळात बदल आधी दिसायचा आणि तपासणी नंतर, जमली तर. नव्या रीतीत नवख्याला पहिली पायरी चढायला थोडा दम लागतो हे खरे, पण मी निःशंकपणे नव्या रीतीच्या बाजूने आहे. ज्या पानावर कोट्यवधी लोक विसंबतात त्यावर दुसऱ्या माणसाची नजर फिरल्याशिवाय अक्षरही चढू नये.

कोणती सोय कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून चालते, ही माहिती तर आता पानांपासून वेगळी, तक्त्यांच्या स्वरूपात ठेवलेली असते. एका ठिकाणी बदलली की सगळ्या पानांवर बदलते, आणि प्रोग्रॅमर ज्या एडिटरमध्ये काम करतात त्यातही पोचते. २०२३ पासून त्यावर बेसलाइन नावाची खूण आली आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत एखादी सोय आली की पानावर ‘नव्याने उपलब्ध’ अशी पट्टी दिसते, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वत्र उपलब्ध’. तीस महिने का? कारण लोक फोन आणि संगणक लगेच बदलत नाहीत. जुना फोन वापरणाऱ्या माणसाला बँकेची साइट उघडता यावी म्हणून हा थांबा आहे. पानावरच्या एका छोट्या पट्टीत इतका विचार असतो.

आता दुसऱ्या एका गोष्टीकडे वळतो, कारण ‘डॉक्समध्ये लिहिले होते, वाचले नाही ही तुमची चूक’ हे उत्तर आमच्या धंद्यात फार सहज दिले जाते. कर्ल नावाची लायब्ररी आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ती वर्षानुवर्षे सांभाळत आहेत, आणि इंटरनेटवरून काही आणणाऱ्या असंख्य उपकरणांत ती असते. समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे का, म्हणजे प्रमाणपत्रावरचे नाव पत्त्याशी जुळते का, हे तपासण्यासाठी तिच्यात एक सेटिंग होते. शून्य म्हणजे तपासू नको. दोन म्हणजे नाव जुळवून पाहा. आणि एक म्हणजे प्रमाणपत्रावर कुठलेसे नाव आहे एवढेच पाहा, जुळते की नाही ते पाहू नको. डॉक्समध्ये हे स्वच्छ लिहिलेले होते. पण प्रोग्रॅमरच्या सवयीत ‘होय’ म्हणजे ट्रू, आणि ट्रू म्हणजे एक. त्यांनी ट्रू लिहिले, तपासणी चालू केली असे समजले, आणि प्रत्यक्षात ती बंदच राहिली. २०१२ मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले की ऑनलाइन पैसे भरण्याच्या नावाजलेल्या कोडमध्येही ही चूक बसलेली होती. मधल्यामध्ये कोणी तोतया सर्व्हर उभा केला असता तर त्याला कोणी अडवले नसते.

कर्लने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती काढली, जिच्यात ‘एक’ दिला तर सरळ चूक दाखवली जाई. २०१९ मध्ये पुढचे पाऊल टाकले : एक दिला तरी दोन समजायचे. आणि डॉक्सच्या पानावर हा सारा प्रवास लिहून ठेवला : या आवृत्तीपर्यंत असे, इथून तसे, त्यानंतर असे. मला हे पान आदर्श वाटते. वाचकावर दोष ढकलण्याऐवजी आधी वस्तू दुरुस्त केली, आणि जुनी आवृत्ती वापरणारा आजही कोणीतरी असेल हे धरून त्याच्यासाठी जुने वागणेही नोंदवले. अद्ययावत करणे म्हणजे जुने पुसून नवे लिहिणे इतके सोपे नाही. वाचकाच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून केव्हापासून काय बदलले हे सांगावे लागते. पीएचपीच्या मॅन्युअलने डेटाबेसच्या जुन्या फंक्शन्सबाबत हेच केले. २०१३ मध्ये ती वापरू नका असे ठरले, २०१५ मध्ये ती भाषेतून काढली, पण पाने ठेवली. वर ठळक इशारा आणि त्याऐवजी काय वापरायचे ते. पाने काढून टाकली असती तर शोधणारा माणूस कुठल्यातरी तिऱ्हाईताच्या जुन्या नोट्सवर जाऊन आदळला असता.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आता बोलतो. २०२३च्या उन्हाळ्यात एमडीएनच्या पानांवर कोडच्या चौकटीशेजारी एक बटण आले. दाबले की यंत्र तो कोड समजावून सांगणार. वाचकांनी लगेच दाखवून दिले की काही स्पष्टीकरणे चक्क चुकीची आहेत. ज्या पानावरचा प्रत्येक नवा बदल दुसऱ्या माणसाने तपासलेला, त्याच पानावर कोणीही न तपासलेले वाक्य त्याच अधिकाराने उमटत होते. काही दिवसांत ते बटण काढले गेले, आणि ते योग्यच झाले. मी या यंत्रांचा विरोधक नाही, रोज वापरतो. पण ती शिकली आहेत ती याच पानांवरून. जावास्क्रिप्टबद्दल यंत्र जे बरोबर सांगते त्यातले पुष्कळ कोणा लेखकाने एमडीएनवर आधी बरोबर लिहून ठेवलेले असते. आणि ती जुन्या पानांवरूनही शिकली आहेत, म्हणून मोडीत निघालेली फंक्शन्स आजही आत्मविश्वासाने सुचवतात. विद्यार्थी मला विचारतात, आता डॉक्स कोण वाचणार? मी त्यांना सांगतो, आता डॉक्सचे वाचक वाढले आहेत. माणसेही वाचतात आणि माणसांना उत्तरे देणारी यंत्रेही वाचतात. पानावरची एक चूक पूर्वी एका वाचकाला फसवायची, आता ती यंत्राच्या तोंडून अनेकांपर्यंत जाते. ही पाने सांभाळणाऱ्यांचे पगार कमी करायची ही वेळ नव्हे.

आपल्या घरात काय चालले आहे तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या लॅबमध्ये टर्बो सी++ वर्षानुवर्षे चालत राहिले. निळा पडदा इथल्या अनेकांना आठवत असेल. हे साधन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे, आणि सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय मानकच मुळी १९९८चे. म्हणजे आपण मुलांना जे शिकवत होतो ते भाषेचे मानक ठरण्याआधीचे रूप होते. मुलांनी तशाच नोट्स उतरवल्या, जर्नल लिहिले, पहिला वर्ग मिळवला आणि कंपनीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना कळले की हा कोड आजच्या कंपायलरवर चालतच नाही. मी दोष एकट्या शिक्षकांना देत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा, जर्नलचे ठरलेले प्रयोग, लॅबमधली जुनी यंत्रे, सगळेच त्या जुन्या पानाला खिळलेले होते. आपले सर मात्र दर जूनमध्ये नोट्स नव्याने लिहायचे आणि प्रत्येक पानावर वर्ष घालायचे. मागच्या वर्षीच्या झेरॉक्स कोणी आणल्या तर त्या बाजूला ठेवायला सांगायचे. विद्यार्थ्यांना ते जाचक वाटे, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना नोकरीत गेल्यावर शिकलेले विसरावे लागले नाही.

मराठीला ही शिस्त परकी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, पहिला खंड १९७६ साली आला. खंड पुरे होईपर्यंत आधीच्या खंडांतल्या विज्ञानाच्या नोंदी मागे पडणार हे उघड होते. म्हणून पुढे विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे नेमली आणि नोंदी नव्याने लिहवून घ्यायला सुरुवात केली. अमुक विषयाच्या नोंदींची जबाबदारी अमुक मंडळाची, असे त्यात ठरवून दिले आहे. ही रचना मला फार महत्त्वाची वाटते.

मग एमडीएन मराठीत का नाही, असा प्रश्न मनात येतोच. फायरफॉक्स ब्राउझर मराठीत आहे. स्वयंसेवकांनी तो केला. एमडीएनची पाने मात्र मराठीत नाहीत. २०२० पर्यंत विकीवर कितीतरी भाषांत अनुवाद होते, हिंदी आणि बंगालीतही होते. गिटहबवर जाताना कठोर निर्णय झाला : ज्या भाषेची पाने सांभाळायला गट पुढे येईल तीच ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. फ्रेंच, जपानी, चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश आणि ब्राझीलची पोर्तुगीज टिकल्या. हिंदी गेली, बंगाली गेली. हा निर्णय ऐकून अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण तो बरोबर होता. कोणीतरी उत्साहाने एकदा अनुवाद केला आणि मूळ पान पुढे पाच वेळा बदलले, तर तो अनुवाद वाचणाऱ्या मुलाला आपण त्याच्याच भाषेत चुकीचे शिकवतो. आता अनुवादित पानाच्या फाइलमध्ये तो अनुवाद मूळ पानाच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवरून केला याची खूण लिहितात, म्हणजे मूळ पुढे सरकले की अनुवाद किती मागे पडला ते लगेच काढता येते. आपल्याकडच्या अनुवाद प्रकल्पांनी, सरकारी संकेतस्थळांनीसुद्धा, एवढी एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ होईल.

मराठीत हे काम व्हावे अशी माझी तीव्र इच्छा आहे. तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकून डिप्लोमाला आलेल्या मुलीचे पहिले वर्ष इंग्रजीशी झगडण्यात जाते आणि प्रोग्रॅमिंग बाजूला राहते. सॉर्टचे पान तिला मराठीत मिळाले तर ती इंग्रजी पानाकडे नंतर जाईलच, पण समजून जाईल. मात्र दहा हजार पानांच्या अनुवादाची घोषणा करणारा प्रकल्प मला नको आहे. उद्घाटन होते, पहिल्या वर्षी हजार पाने होतात, तिसऱ्या वर्षी सांभाळणारा कोणी उरत नाही. नवख्याला लागणारी मोजकी पाने घ्यावीत, प्रत्येक पानावर ते सांभाळणाऱ्याचे नाव असावे, आणि मूळ पान बदलले की त्याने ठरावीक मुदतीत मराठी पान बदलावे. जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवावे, आणि कोणीच नसेल तर पान काढून टाकावे.

इथे कंपन्यांत निर्णय घेणारे काही जण बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे : तुमच्या गटातल्या माणसाने डॉक्स सुधारण्यात घालवलेला दिवस कामाचा दिवस म्हणून धरा, त्याच्या अप्रेझलमध्ये धरा, आणि कोड बदलताना त्याचे पान बदलले नसेल तर तो बदल अपुरा माना. ज्या मुक्त डॉक्युमेंटेशनवर तुमचे शेकडो इंजिनिअर रोज विसंबतात, त्याच्या लेखकांच्या पगारासाठी कंपनीच्या नावाने काही रक्कम दर वर्षी द्या. शिक्षकांनो, नोट्सवर वर्ष घाला आणि अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रयोगांची यादी बदलण्याचा ठराव मांडा. विद्यार्थ्यांनो, एमडीएनवर नवख्यांसाठी राखलेली कामे खूण करून ठेवलेली असतात. त्यातले एक घ्या, परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे द्या, आणि बदल पानावर चढेपर्यंत सोडू नका. मराठी पानांच्या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहाल तेव्हा शेजारच्या रकान्यात तुम्ही कोणते पान सांभाळणार आणि किती वर्षे, तेही लिहा.